पितळी बूच

ट्राममध्ये एका म्हाताऱ्याने कागदी पिशवी फोडली आणि हेन्रिके सोबोटा मोठ्यांदा हसली. झालं होतं ते एवढंच. म्हातारा चांगला घरंदाज दिसत होता, कोटाची सगळी बटणं लावलेली, गळ्याशी मफलर नीट घडी घालून खोवलेला. बेकरीतला पाव खाऊन झाल्यावर त्याने पिशवीतला चुरा तळहातावर ओतून तोंडात टाकला, मग पिशवीचं तोंड मुठीत आवळून तिच्यात फुंकर भरली, आणि समोर बघत, अगदी शांतपणे, दुसऱ्या हाताने तिच्यावर थाप मारली. अख्ख्या डब्याने दचकून माना वळवल्या. एका बाईच्या हातातला फोन पडला. म्हातारा टोपीला हात लावून म्हणाला, "माफ करा मंडळी. लहानपणापासून राहून गेलं होतं. नंतर बायको होती, तोवर काही सोय नव्हती." लोक ओठ मुडपून खिडकीबाहेर बघू लागले. डोर्टमुंडचे लोक सकाळी ट्राममध्ये हसत नाहीत, ते त्यांच्यात बसत नाही. हसली ती एकटी हेन्रिके, आणि तीही तोंड उघडून, तिचं तिलाच परकं वाटेल असं. मग तिने तोंडावर हात ठेवला आणि तिच्या लक्षात आलं की आपण म्हाताऱ्याला हसलो नाही. पिशवी फुटली म्हणून हसलो. पहाटे डोळा उघडल्यापासून आपण एका आवाजाची वाट बघतोय, आणि तो चुकून इथेच, बोर्सिगप्लाट्झच्या वळणावर, आधी येऊन गेला.

ती उतरली तेव्हा तिचे पाय जमिनीवर नव्हते. त्रेचाळीस वर्षांच्या बाईने, चाचणीघरातल्या जबाबदार परीक्षकाने असं हरखून जाणं बरं दिसत नाही हे तिला कळत होतं, आणि तरी ती दोन दोन पायऱ्या गाळत पूल उतरत होती. आज ती पेटी फुटली पाहिजे. पेटी नव्हे, पेटी ज्यात ठेवतात त्या पिंपावरचा पडदा. पण असा हट्ट मनात आलाच कसा? ज्याचं काम पेट्या सुरक्षित आहेत की नाहीत ते बघण्याचं, त्याने एखादी पेटी नापास व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसायचं? शाळेतल्या मास्तरांनी एखाद्या पोराच्या नापास होण्यासाठी नवस बोलावा तसं हे. तिने स्वतःला दटावलं. दटावून काही झालं नाही. पोटातली ती गुदगुली तशीच राहिली.

हेन्रिकेचं काम सांगायला सोपं, पटवायला अवघड. जिथल्या हवेत पेटणारा वायू मिसळलेला असू शकतो, म्हणजे खाण, रंगाचा कारखाना, हायड्रोजन भरायचा पंप, तिथे बसवायची विजेची उपकरणं आधी तिच्या चाचणीघरात येतात. लोकांना वाटतं, असली पेटी म्हणजे घट्ट बंद, वारा न शिरणारी. तसं नसतं. वायू शिरायचा तिथे शिरतोच, आत ठिणगी पडली की पेटतोच, आणि पेटीच्या पोटात छोटा स्फोट होतोच. तो होऊ द्यायचा. फक्त झाकण आणि पेटी यांच्यामध्ये एक लांबलचक, केसासारखी बारीक फट मुद्दाम ठेवायची. आग तिच्यातून बाहेर निघते, पण दोन्ही बाजूंच्या गार धातूला चाटत चाटत येईस्तोवर इतकी निवते की बाहेर पडते ती नुसती गरम हवा. बाहेरचा वायू पेटत नाही, कोणी मरत नाही. भोळे लोक ती फट बनावटीतली चूक समजून रंगाने लिंपतात आणि सगळं बिघडवून ठेवतात. पेटी वाचते ती फटीमुळे, हे वाक्य हेन्रिके नव्या लोकांना शिकवते तेव्हा दर वेळी तिला आपला बाप आठवतो.

कारण हाइनर सोबोटा बोलायचा तो असाच. खाणीतला वीजमिस्त्री, पुढे याच चाचणीघरात आलेला. रागावला की आधी बूट काढायचा, मग हात कोपरापर्यंत धुवायचा, मग जेवायचा, आणि ताट बाजूला सारल्यावर एकच वाक्य बोलायचा. तोवर त्यातली आग पार निघून गेलेली असायची आणि उरलेलं ते वाक्य ऐकणाऱ्याला कुठेच भाजत नसे. घरात शिरल्यावर दिव्याच्या बटणाला हात लावण्याआधी तो हवेचा वास घ्यायचा. आईने गॅसची शेगडी काढून विजेची आणली तरी घ्यायचा. आणि घरात सगळ्यात जास्त ऐकू येणारा शब्द होता 'हळू'. जिना हळू उतर, दार हळू लाव, हळू हस. हेन्रिके मुळात दणदणीत पोर. वर्षाअखेरीच्या रात्री बाकीची मुलं फटाके लावायला रस्त्यावर उतरत तेव्हा सोबोटांची मुलगी खिडकीच्या काचेला नाक लावून उभी असे, काच थरथरली की ती थरथर नाकातून डोक्यात जाई, आणि पाठीमागून बापाचं बोट ओठांवर गेलेलं काचेत दिसे. तिथेच ती नाकातून हसायला शिकली. अजून तसंच हसते. म्हणजे आज सकाळपर्यंत हसायची.

कालची दुपार तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. केम्पा नावाच्या कारखानदाराची पेटी, बोटभर जाडीची, पोटात दोन खोल्या, एक मोठी, एक छोटी, आणि मधल्या भिंतीत तारा जाण्यासाठी एक गोल वाट. गेल्या आठवड्यात सगळ्या चाचण्यांना उतरलेली. शहराच्या बसडेपोत हायड्रोजनच्या पंपाला ती लागणार होती, जिथे ड्रायव्हर लोक पावाचा तुकडा खात उभे असतात. हेन्रिकेने रीत म्हणून तिचा आराखडा 'नवी'ला दाखवला. नवी म्हणजे माणूस नव्हे. ती हेन्रिकेने चार वर्षं खपून शिकवलेली कृत्रिम बुद्धी. या चाचणीघरात आजवर झालेल्या साऱ्या स्फोटांची मापं तिच्या पोटात आहेत, आणि पेटीचा आराखडा दिला की आग कुठून बाहेर पडेल, पडेल की नाही, ते ती चित्र रंगवून सांगते. हिरवं म्हणजे ठीक. पहिल्या दिवशी चाचणीघरातले जुने मिस्त्री लुडगर पियोन्टेक म्हणाले होते, "ही कोण नवी आली?" तेच नाव पडलं. तर नवीने केम्पांच्या पेटीचं चित्र रंगवलं, सगळं हिरवंगार, आणि छोट्या खोलीच्या पार मागच्या कोपऱ्यात एक लाल ठिपका. अर्थ असा की ठिणगी इथे पडली तर आग बाहेर येईल. का, ते नवी सांगत नाही. तिला 'का' विचारणं म्हणजे मांजराला विचारणं. हेन्रिकेने खुर्ची मागे ढकलली, उभी राहिली, बसली, आणि मग तिला एकाएकी दिसलं. कोपऱ्यात पेटलं तर आग पुढे सरकण्याआधी पुढचा वायू त्या वाटेतून मोठ्या खोलीत ढकलला जाईल, तिथे तो आधीच दाबून बसेल, आणि मग आग पोचेल ती अशा दाबलेल्या वायूपाशी. स्फोट दुपटी-चौपटीचा होईल आणि फटीला तो निववणं झेपणार नाही. पुस्तकात हे आहे. पण ज्या जागेवरून इथे नेहमी ठिणगी टाकतात तिथून हे कधी दिसलंच नसतं. हे दिसल्याचा आनंद इतका मोठा होता की ती कॉफीच्या यंत्रापाशी जाऊन उगाच उभी राहिली आणि रिकामा कप हातात घेऊन परत आली.

नेहमीची जागा. नवीला शिकवताना हाच शब्द अडला होता. चाचणीघरात दर स्फोटाआधी कळपाटावर, म्हणजे बटणांच्या फळीपुढे, बसलेलं माणूस विचारतं, "कुठून?" आणि पियोन्टेक म्हणतात, "नेहमीच्या जागेवरून." मग सगळे 'ग्ल्युक आउफ' म्हणतात, खाणीत उतरताना म्हणायचे तसं, आणि बटण दाबलं जातं. खाणी कधीच बंद झाल्या, शब्द राहिले. हेन्रिकेने तेव्हा विचारलं होतं, नेहमीची म्हणजे कुठली, हिला आकडे लागतात. पियोन्टेकनी एका पेटीच्या झाकणावर बोटाच्या पेराने टकटक केलं होतं. "इथली. अजून कुठली असणार? तुझ्या बापाने मला दाखवली, त्याला त्याच्या मुकादमाने." तिने तो आकडा घातला नाही. घालवेना. नवीला नेहमीची जागा ठाऊकच नाही, म्हणून ती बिचारी सगळे कोपरे बघत बसते.

हॉलमध्ये शिरताना धातूचा, तेलाचा आणि ओल्या काँक्रीटचा तो वास आला. पियोन्टेक पेटीवर वाकलेले होते, मागच्या कोपऱ्यात ठिणगीच्या प्लगसाठी भोक पाडत. निवृत्तीला वर्ष राहिलेला, रुंद खांद्यांचा, कबुतरं पाळणारा माणूस. ती लहान असताना तो रविवारी घरी यायचा, बापाचा चेला, आणि खिशात कायम पितळी बुचं खुळखुळायची. अजून खुळखुळतात.

"आली," ते वर न बघता म्हणाले. "तुझी नवी कुठंय? कॉफी घेते का ती?"

"घरून घेऊन येते."

"बरंय. इथल्या कॉफीतही लाल ठिपका दाखवला असता."

"लुडगर, तुमच्या कॉफीतला ठिपका मला यंत्राशिवाय दिसतो," कळपाटावरून नेर्मिन म्हणाली. ती हेन्रिकेहून दहा वर्षांनी लहान, तिच्या फुटबॉल क्लबच्या काळ्यापिवळ्या मगातून चहा पिणारी, आणि पियोन्टेकना उलट बोलू शकणारी हॉलमधली एकमेव व्यक्ती.

डॉक्टर टेरहार्ट आले. चाचणीघराचे प्रमुख, वाईट माणूस नव्हे, पण वरच्यांना उत्तर देता देता मान कायमची थोडी खाली गेलेली. "फ्राउ सोबोटा, उद्या केम्पांचा माणूस प्रमाणपत्र न्यायला येतोय. आज पडदा फाटला तर तुमची नवी राहिली. नाही फाटला तर वसंतातल्या दिव्यानंतरची ही दुसरी खोटी हाकाटी. मग तिला मी वरच्यांपुढे वाचवू शकत नाही. खरं सांगतो."

"तो दिवा किती ठणठणीत निघाला," पियोन्टेक भोकातला चुरा फुंकत म्हणाले. "मी तर म्हणत होतो नवीला हवामानखात्यात पाठवा." वसंतात नवीने एका जहाजी दिव्याला लाल ठिपका दिला होता, आणि दिवा सगळ्या स्फोटांना हूं की चूं न करता उतरला होता. तेव्हापासून पियोन्टेक सकाळी हेन्रिकेला बघितलं की हात पुढे करून पाऊस पडतोय का ते बघत. ती नाकातून हसे. रात्री मात्र ती नवीचं ते चित्र पुन्हा पुन्हा उघडून बघे आणि तिला त्यात चूक सापडत नसे.

पेटी मोठ्या पिंपात ठेवली गेली. पिंपात हायड्रोजन आणि हवा, पेटीतही तेच, आणि पिंपाच्या तोंडावर पातळ प्लास्टिकचा पडदा ताणून बसवलेला. आग पेटीबाहेर आली तर पिंपातला वायू पेटणार आणि पडदा फाटणार. राहिला तर पेटी पास. इतकं साधं. सगळे जाड भिंतीच्या अलीकडे आले, काचेपाशी. पियोन्टेकनी कानावरची झापडं एका बाजूने वर सरकवली. जुने लोक एक कान उघडा ठेवतात, पेटी काय बोलते ते कळावं म्हणून. हेन्रिकेच्या बापाचा तो कान पुढे गेलाच. तिने कधी असं केलं नव्हतं, आज केलं.

"कुठून?" नेर्मिनने विचारलं.

"नेह..." पियोन्टेक थांबले. "नवीच्या कोपऱ्यातून."

"ग्ल्युक आउफ."

भिंतीपलीकडून एक दबका ठोका आला, कोणी गादीवर बसावं तसा. पडदा किंचित फुगला आणि परत सपाट झाला. बस.

पिंप धुतलं गेलं, वायू पुन्हा भरला, पुन्हा ग्ल्युक आउफ. पुन्हा गादी. तिसऱ्यांदाही तेच. नेर्मिन यंत्रातल्या कागदावरच्या रेघेकडे बघत म्हणाली, "दाबाची रेघ फारच बुटकी आहे. इतकी बुटकी मी कधी पाहिली नाही."

"म्हणजे आणखीनच चांगलं," टेरहार्ट म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात सुटका होती, तिच्याबद्दल थोडी हळहळही होती. "फ्राउ सोबोटा, पुरे करूया?"

"नेमाने पाच मारायचे," पियोन्टेक म्हणाले. "पाच मारू. पोरीने चार वर्षं घातलीत त्यात, दोन ठिणग्यांनी आपलं काय जातंय." ही दया होती, आणि ती तिला भाजली. सकाळपासून जे वर वर उडत होतं ते एकदम खाली आलं. बुटकी रेघ. इतकी बुटकी का? तिने हिशेब केला होता, नवी चुकली असं धरलं तरी रेघ याहून कितीतरी उंच यायला हवी. एवढ्या पेटीत एवढा वायू, आणि आवाज गादीवर बसल्याचा. छे, अख्खी पेटी पेटतच नाहीये. अर्धीच. हा विचार आला आणि निसटला, कारण त्याच्या पाठोपाठ आलं ते भलतंच, बापाचं जुनं घर. ते ह्योर्डेला राहायला गेले तो दिवस. आई भांडी काढत होती, आणि बाप प्रत्येक खोलीत भिंतींवरून तळहात फिरवत होता. आधीच्या भाडेकरूच्या खिळ्यांची भोकं तो शोधत होता आणि साबणाचा तुकडा मळून एकेक बुजवत होता. मग न वापरायच्या कुलपांच्या किल्लीची भोकं. मग मोरीतल्या जादा नळाचं भोक, त्याला खिशातलं पितळी बूच, गोल गोल फिरवून, मनगटाला शेवटी एक झटका. "रिकामं भोक म्हणजे न बोलावलेला पाहुणा," तो म्हणाला होता. खाणीतला नेमच तो. पेटीला तार जायची भोकं असतात, त्यातलं एखादं तारेविना राहिलं तर त्यातून आग बाहेर येते, म्हणून रिकामं भोक दिसलं की बूच लावायचं, विचार न करता, आधी बूच मग बाकीचं. बापाने तिलाही लावायला दिलं होतं. पितळ गार होतं, आणि आटे जुळेपर्यंत उलटं फिरवायचं असतं, मग सुलटं, हे तिला अजून आठवतं. ती कितीतरी खूश झाली होती. बापाने चक्क हळू म्हटलं नव्हतं. उलटं, मग सुलटं, मग मनगटाचा झटका. तो झटका तिने आजही पाहिला होता. कुठे? आज सकाळी. इथेच. पियोन्टेकनी भोक पाडून झाल्यावर चुरा फुंकला, हवामानखात्याचं बोलले, आणि बोलता बोलता त्यांचा हात पेटीच्या पोटात गेला, खिशात खुळखुळलं, आणि मनगट फिरलं. तिच्या डोळ्यांदेखत. तिला दिसलं नाही, कारण तिचाही हात तिथे हेच करून आला असता.

केम्पांची पेटी चाचणीला तारांविना आली होती. मधल्या भिंतीतली ती गोल वाट रिकामी होती.

"काका," ती म्हणाली. टेरहार्टांसमोर ती कधीच काका म्हणत नसे, हेर पियोन्टेक म्हणे. "खिशात किती बुचं आहेत?"

"काय?"

"मधली वाट. तारा नाहीत तिच्यात. तुम्ही तिला बूच लावलंत."

पियोन्टेकनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग आपल्या उजव्या हाताकडे, तो दुसऱ्याचा असल्यासारखा. "मी नाही लावलं," ते म्हणाले. त्यांना त्या 'नाही'वरच राहता आलं असतं. आणखी दोन गाद्या वाजल्या असत्या, पेटी उघडताना बूच मुठीत गेलं असतं, नवी अडगळीत गेली असती आणि वर्षभराने हार घालून हे कबुतरांकडे गेले असते. हेन्रिकेला हे सगळं कळत होतं आणि तिला भीती वाटली, नवीसाठी नव्हे, या माणसासाठी. पियोन्टेक उठले. पिंप रिकामं होईपर्यंत थांबले, स्वतः झाकणाचे बोल्ट काढले, एकेक, आणि पेटीच्या पोटात हात घातला. मनगट या वेळी उलटं फिरलं. परत आले तेव्हा त्यांच्या तळहातावर पितळी बूच होतं, एक बाजू काळी, एक बाजू लख्ख.

"लावलं," ते म्हणाले. "हातानं लावलं. मला विचारलं नाही त्याने."

"गेल्या आठवड्यातल्या चाचण्यांना?" टेरहार्टांनी हळूच विचारलं.

"हात तोच होता, डॉक्टर."

नवीला वाटेने जोडलेल्या दोन खोल्या दिल्या होत्या आणि हॉलमध्ये बुचाने तोडलेल्या दोन वेगळ्या पेट्या फुटत होत्या. हेन्रिकेला हसू फुटत होतं आणि रडूही येत होतं, आणि पोटातली ती सकाळची गुदगुली आता छातीपर्यंत आली होती. तिला लाज वाटली नाही. तिला आता ती पेटी नापास व्हायला नको होती, तिला फक्त खरं काय ते ऐकायचं होतं, आणि ते भिंतीपलीकडे एका ठिणगीच्या अंतरावर होतं, आणि असं काही ऐकण्यासाठीच आपण जन्मभर कान झाकून बसलो होतो असं तिला वाटलं. झाकण बसलं. पडदा ताणला गेला.

"कुठून?" नेर्मिनने विचारलं.

"त्याच कोपऱ्यातून," पियोन्टेक म्हणाले. "ग्ल्युक आउफ."

या वेळी गादी नव्हती. आधी एक ठोका, आणि त्याला लागून, त्याच्या पोटातून निघाल्यासारखा दुसरा, मोठा, पांढरा. काच थरथरली आणि ती थरथर हेन्रिकेच्या नाकातून डोक्यात गेली, कारण तिने नकळत काचेला नाक लावलं होतं. पिंपाच्या तोंडावर पडदा नव्हता. त्याच्या कडेला चिंध्या लोंबत होत्या आणि एक तुकडा छताजवळ तरंगत खाली येत होता. नेर्मिनच्या रेघेचं टोक कागदाबाहेर गेलं होतं.

टेरहार्ट म्हणाले, "केम्पांना सांगतो, उद्या येऊ नका म्हणून," आणि फोन काढला, पण लावला नाही. "त्यांना सांगायचं तरी काय?"

"डेपोत ड्रायव्हर उभे असतात म्हणून सांगा," नेर्मिन म्हणाली.

पियोन्टेक कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेले होते. तिथून त्यांनी वसंतातला तो जहाजी दिवा काढला, नमुना म्हणून ठेवलेला, फडक्यात गुंडाळलेला, आणि हेन्रिकेपुढे आणून टेबलावर ठेवला. "हाही दोन खोल्यांचा," ते म्हणाले. "मी पाऊस बघत होतो तुझी चेष्टा करायला. हे दिवे लागलेत ना कुठे कुठे?"

"लागलेत," ती म्हणाली.

"तुझ्या बापाने शिकवलेलं कधी चुकलं नव्हतं. खाणीत बरोबरच होतं ते." मग त्यांनी खिसा उलटा केला. मूठभर पितळी बुचं नेर्मिनच्या काळ्यापिवळ्या मगात, उरलेल्या चहात पडली. "ही तुझ्याकडे, नेर्मिन. मी मागितली तरी देऊ नकोस. रडून मागितली तरी."

"माझा चहा," नेर्मिन म्हणाली, पण तिने तो मग जवळ ओढून घेतला.

दिवा पिंपात गेला. त्याची झाकणं पियोन्टेकनी उघडून दाखवली, मधली वाट बोटाने आरपार करून दाखवली, टेरहार्टांना, नेर्मिनला, मग पुन्हा एकदा स्वतःला. नवा पडदा ताणला. हेन्रिकेने नवीचं वसंतातलं चित्र उघडून ठेवलं होतं, जे तिला पाठ होतं. एका कानात तिच्या बारीक शिट्टी वाजत होती, आणि जग त्या शिट्टीच्या पलीकडून, दुरून येत होतं. तिला भीती वाटत होती, त्या दिव्यांखाली जहाजांवर कोण कोण झोपलं असेल ते मनात येऊन, आणि त्या भीतीसकट तिला इतका आनंद होत होता की तिला तो कुठे ठेवावा कळेना.

"कुठून?" नेर्मिनने विचारलं.

पियोन्टेकनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि हेन्रिकेकडे पाहिलं.

"डावीकडच्या कोपऱ्यातून," हेन्रिके म्हणाली.

"ओरडतेस कशाला, ऐकू येतंय," पियोन्टेक म्हणाले.

"मला नाही येत," हेन्रिके म्हणाली, आधीपेक्षा मोठ्यांदा, आणि हसली, ट्राममधलं हसू, तोंड उघडून, नाकातून अजिबात नाही. हॉलचं छत उंच होतं आणि ते हसू तिथे जाऊन परत आलं. पियोन्टेकचं बोट आपसूक वर उठलं, ओठांच्या दिशेने, हाइनर सोबोटाचं उठायचं तसं. ते अर्ध्यात थांबलं. मग त्याच बोटाने त्यांनी नेर्मिनला खूण केली, दाब.